काटा

या झुडपांना काटा नसतो.
काटा फक्त माझ्याकडे,
पत्र्याच्या शेडमध्ये, डुगडुगत्या टेबलावर,
वडलांच्या वेळचा, पांढऱ्या तबकडीचा.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी फाटक उघडतं.
सातच्या आत गाड्या लागतात रस्त्याकडेला
मक्याला अंग घासत.
मी प्रत्येकाला बादली देते, कमरेला बांधायला दोरी,
आणि दरवर्षीचं तेच सांगते :
देठापाशी लाल कडं दिसलं तर थांबा.
ओढू नका. घोसावरून अंगठा नुसता फिरवा,
जे यायचं ते आपणहून हातात येतं.
जे येत नाही ते मंगळवारचं.

पहिली दहा-वीस ब्लूबेरी वाजतात.
टण. टणटण.
मग तळ झाकला जातो
आणि बावीस ओळींत माणसं बुडून जातात.
वर येतात नुसती बोलणी :
कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन,
कुणाच्या लेकीनं ग्रँड रॅपिड्सला घेतलेलं घर,
"पण तू त्याला सांगितलंस का?"
आणि मग बराच वेळ
काहीच नाही.

दर नऊ मिनिटांनी कर्ण्यातून ससाणा ओरडतो,
टेपवरचा.
पहिल्या दिवशी भोरड्या उडतात.
तिसऱ्या दिवशी कर्ण्यावर बसून खातात.

डेल्फीन कोवालिक मुद्दाम गुलाबी, अर्धीकच्ची वेचते.
थोडं कच्चं असल्याशिवाय जॅम धरत नाही, म्हणते,
तिन्ही जावयांबद्दल बोलल्यासारखी.

फळावर एक निळसर राख असते.
हात लागला की जाते.
बादली माझ्यापर्यंत येते तेव्हा
प्रत्येक दाण्यावर कुणाच्या तरी अंगठ्याएवढा काळोख.

पोरांना मी दम देते :
जाताना तुमचं वजन करीन, येताना पुन्हा करीन,
फरकाचे पैसे द्यायचे!
सगळी हसतात, निळ्या जिभा काढून दाखवतात.
गेल्या रविवारी ऑरिन हसला नाही.
आठ वर्षांचा असेल, दात पडलेला.
दोन तासांनी एकटाच आला, आईच्या पुढे,
म्हणाला, एकशे बारा.
काय एकशे बारा?
खाल्ल्या.

आता एकशे बाराचं वजन किती,
हे मला एकोणीस उन्हाळ्यांत कुणी विचारलेलं नाही.
तेव्हा आम्ही दोघं बसलो बादलीतून मोजायला.
साठाच्या पुढे त्यानं सवयीनं एक तोंडात टाकली,
दचकला,
आणि म्हणाला, पहिल्यापासून.
मागे रांग लागली होती.
कुणी काही बोललं नाही.
व्हर्लिन नावाच्या ट्रकवाल्यानं तर टोपी काढली,
उकाड्यामुळे असेल.

चार औंस भरल्या.
सत्तर सेंट्स. त्यानं नाणी रचून ठेवली, चळत करून.

खरं तर सहा औंस होत्या.
ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही.
वडलांनी सुई शून्याच्या दोन औंस खाली बांधलीय,
तारेनं, आतून.
म्हणायचे, मापात पाप करायचंच तर
आपल्या अंगावर घ्यावं.
सरकारी माणूस येतो शिक्का मारायला,
डोळे बारीक करतो, म्हणतो, हे नीट करून घ्या, बाई.
दरवर्षी म्हणतो.
मग पिशवी भरून नेतो, पैसे टाकून,
आणि दोन औंस त्यालाही सुटतात.

आईनं ऑरिनला गाडीत घातलं.
काचेतून त्यानं माझ्याकडे पाहिलं ते
व्यवहार पुरा झालेल्या माणसासारखं.

मी काही बोलले नाही.
बोलले असते तर पुन्हा खाली उतरला असता.

संध्याकाळी फाटक लावलं, ससाणा बंद केला.
तळ्याकडून वारा आला, वाळूचा वास घेऊन.
सतराव्या ओळीत गेले, बादली न घेता,
एकशे बारा म्हणजे किती, बघावं म्हटलं.

चाळिसाच्या आसपास मोजणं सुटलं.